बाल्कनीतलं शेततळं आणि बावीस मिरच्या

६ एप्रिल
...गावची सकाळ आठवली. मी भांडी घासत होते, आणि हे रात्री भरून ठेवलेल्या बादलीतून लोट्याने मिरच्यांना पाणी घालत होते. अंगणभर चिखल. म्हटलं, ही काय पद्धत? हे म्हणाले, "मिरचीला विचार."
हे जाऊन तीन वर्षं झाली. पद्धत चुकीची ती चुकीचीच.
यांनी बांधून ठेवलेल्या बियांची शेवटची पुरचुंडी सोडली. निम्मं बी मागे ठेवणार.

७ एप्रिल
सगळं पेरलं.

२ मे
बावीस रोपं. लेकाच्या या वाळवंटी शहरात बाल्कनीतच शेततळं केलं. एसीचं पाणी नाहीतरी गटारातच जातं. टब, आत काळा प्लास्टिक कागद, वर काळं झाकण, म्हणजे बाष्पीभवन शून्य. ठिबकला सलाईनच्या नळ्या. हर्षल म्हणतो, काळं तापेल. पोरगा इंजिनियर, पण शेततळ्यावरचं एक पुस्तक वाचलेलं नाही. मी तीन वाचलीत.

५ मे, दुपारी १२
ठिबक सुरू. यांनी बघायला हवं होतं. शास्त्र म्हणून.

१४ मे
सात गेली. बी जुनं असणार. शिवाय एक कुंडी गायब आहे. रुचाने साफसफाईत हलवली असेल. सुनेला कुठे शेतीतलं कळतं.

२८ मे
झाकण उघडलं. काळपट बुळबुळीत थर, त्यात मेलेले डास. थर काढून नळाचं पाणी भरलं. रुचा म्हणाली, आई, उन्हाळ्यात इथे गच्चीवरची टाकी तापून नळाला कढत पाणी येतं, म्हणून आम्ही गिझर बंद ठेवून त्यात निवलेलं गार पाणी वापरतो. गिझरचं पाणी गार! या घरात शास्त्रच उलटं.

९ जून, दुपारी
टबात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. चहाची पत्ती टाकायची तेवढी बाकी होती. एकवीस रोपं खलास. मीच उकडली.

संध्याकाळी
बाविसावं स्वयंपाकघराच्या खिडकीत सापडलं. रुचाने ठेवलेलं. तरारलेलं, वर एक कळी.
"गिझरचं पाणी रात्री काढून ठेवते आणि सकाळी वाटीने घालते, आई."
कोणी शिकवलं, विचारलं.
"बाबांनी. फोनवर. माझा कढीपत्ता जळत होता तेव्हा."
तिला फोनवर कळलं. मला तीस वर्षं रोज समोर दिसत होतं.

१० जून
रात्री लोटा भरून ठेवला होता. सकाळी उठून मिरचीला पाणी घातलं. मग टब घासला.