बत्तीस काउंट, चार भिंती

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाने नोंदी ठेवल्या नाहीत तर तो गंजतो. बत्तीस वर्षं लिफ्ट तपासल्या, एकही शेरा अर्धवट सोडला नाही.
आजचा शेरा : हिने चहा देता देता सांगितलं, तीस तारखेपासून मी ताईकडे राहणार. किती दिवस, असं विचारलं. म्हणाली, राहणार म्हणजे राहणार. हवापालट चांगलाच असतो. मी बरं म्हणालो आणि पेपर उघडला. विशेष काही वाटलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
मुलीचा फोन. बाबा, आईशी बोला जरा, असं दोनदा म्हणाली. आम्ही बोलतो. कालच गॅस संपल्याबद्दल बोललो.
ही आठ महिने मुलीच्या जुन्या खोलीत झोपते. माझ्या घोरण्यामुळे. मी घोरत नाही, पण वाद कोण घालणार.

५ नोव्हेंबर, बुधवार
ही लाइन डान्सिंगला गेली. चार वर्षं दर बुधवारी जाते. सुरुवातीला मी त्याला उंटांची कवायत म्हणायचो. पहिल्यांदा हसली होती. नंतरच्या शंभरेक वेळांना नाही.
छत्री विसरली म्हणून नेऊन द्यायला गेलो. पाऊस नव्हता, पण तयारी असावी. हॉलच्या दाराच्या काचेतून वीस मिनिटं तांत्रिक पाहणी केली. पंचवीसेक बायका, एक पुरुष. तो बसड्रायव्हर आहे म्हणे. पोट सुटलेलं, पण पाय पोरासारखे चालतात. सगळे ओळींत उभे, सगळ्यांची तोंडं एकीकडे, कुणी कुणाशी बोलत नाही. हुबेहूब लिफ्ट, फक्त गाणं लागलेलं. बत्तीस आकडे मोजायचे, पाव वळण घ्यायचं आणि पुढच्या भिंतीकडे तोंड करून तेच पुन्हा. चार भिंती झाल्या की मूळ पदावर. यात शिकण्यासारखं काही नाही.
ही पायांकडे न बघता नाचत होती आणि हसत होती. कशाला, ते कळलं नाही. छत्री परत आणली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
निर्णय. २८ तारखेला त्यांचा वार्षिक मेळावा आहे. फ्रिजवर कागद लावलाय, नवख्यांनीही यावं असं लिहिलंय. मी गुपचूप शिकणार, ऐन वेळी हिच्या शेजारी जाऊन उभा राहणार आणि अख्खा डान्स करून दाखवणार. ही चाट पडेल. मग ताईकडे जायचं काही कारणच उरणार नाही. हिला सोबत हवी आहे, एवढं साधं निदान मला करता येतं.
बावीस दिवस आहेत. लिफ्टचा ब्रेक मी चार तासांत शिकलो होतो.

८ नोव्हेंबर, शनिवार
ही भाजीला गेल्यावर पहिला सराव. डान्सचं नाव गेटपोस्ट शफल. फोन फ्रिजला टेकवून ठेवला. फोनमधली बाई माझ्याकडे तोंड करून शिकवते. ती खिडकीकडे सरकली की मी खिडकीकडे, ती बेसिनकडे आली की मी बेसिनकडे. एकदाही चूक नाही. गुडघा दोनदा कट् वाजला.
संगीत : गिटार, फिडल आणि नाकात गाणारा एक ट्रकवाला. तो लांबच्या फेरीवरून घरी येतो तर बायको निघून गेलेली, फाटकाचा खांब तेवढा जागेवर. एवढ्या रडगाण्यावर लोक टाचा आपटतात आणि टाळ्या वाजवतात! दुसरं गाणं लावून पाहिलं. त्यातलीही गेलेली. तिसऱ्यात कुत्रासुद्धा गेला होता. या मंडळींनी वेळीच लक्ष द्यायला हवं होतं. मला हे लागू नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
ही क्लासला, मी स्वयंपाकघरात. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य वर आले, काही पडलं का म्हणाले. कपाट सरकवतोय, असं सांगितलं. चाळीस मिनिटं? म्हटलं, जड आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मुलीला फोनवर बेत सांगितला. व्हिडिओ कसला, ते आधी विचारून घेतलं. मग म्हणाली, बाबा, ती बाई तुमच्याकडे तोंड करून आहे ना, मग तिचं उजवं ते तुमचं डावं. पाठमोरा व्हिडिओ शोधा. मी म्हटलं, आरसे लावलेल्या लिफ्टमध्ये जन्म गेला माझा, डावं-उजवं मला नको शिकवू. मग म्हणाली, नाचून काही होणार नाही, आधी आईला विचारा. काय विचारायचं, ते सांगितलं नाही. ही पिढी अर्धवट बोलते.

१९ नोव्हेंबर, बुधवार
हिने शिलाई मशीन पुसून खोक्यात भरलं. स्वेटर, हिच्या आईचा फोटो, कात्र्या, सगळंच. हवापालटाला जरा जास्तच सामान. मशीन कशाला, असं विचारलं. म्हणाली, शिवायला.
काही वाटलं नाही. जेवलो नाही, पण ते पित्तामुळे.

२४ नोव्हेंबर, सोमवार
टाचेचे बूट घेतले. अर्धा नंबर लहान आहेत, पण सैल होतील, असं दुकानदार म्हणाला. डान्स आता पक्का झालाय. डोळे मिटून करू शकतो. डोळे मिटून केला. बेसिनला कोपर लागलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
बूट सैल झालेले नाहीत. घोडामैदान जवळ आलंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.००
काल दुपारी मेळावा झाला.
प्रथम तांत्रिक बाब. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण काढणाऱ्याने तो हॉल पाहिलेला नसावा. तिथली जमीन खरोखर दाराच्या बाजूला उतरती आहे. पण दोष जमिनीचा नव्हता.
ही तिसऱ्या ओळीत होती. तिच्या डाव्या हाताला जागा होती, तिथे जाऊन उभा राहिलो. तिने पाहिलं. चाट पडली, इथपर्यंत सगळं बेताप्रमाणे. ट्रकवाल्याचं गाणं सुरू झालं. सगळी ओळ उजवीकडे सरकली आणि मी डावीकडे, थेट बसड्रायव्हरच्या पोटावर. ओळ डावीकडे आली तेव्हा मी उजवीकडे, हिच्या पायावर. मग वळण. सगळे डावीकडे वळले, मी उजवीकडे.
त्यामुळे पंचवीस माणसांत आम्ही दोघंच समोरासमोर.
हातभर अंतर होतं. हिचा चष्मा नवा आहे. कधी घेतला, मला माहीत नाही. म्हणालो, तुझ्याबरोबर नाचायला आलोय. तिचे पाय थांबले नाहीत. हळूच म्हणाली, अहो, इथे जोडी लागत नाही. म्हणून तर मी येते. रागाने म्हणाली नाही. कुणी विचारल्यावर किती वाजले ते सांगावं, तसं म्हणाली.
मी जागीच उभा राहिलो. बत्तीस झाले, ओळ वळली, तिचा खांदा दिसला. पुन्हा बत्तीस, पाठ दिसली.
बसड्रायव्हरने कोपराला धरून खुर्चीवर नेऊन बसवलं, पाणी दिलं. फोनवरून शिकलात ना साहेब, म्हणाला. सगळे एकदा तसेच शिकतात. पायाला फोड आलाय. बाकी काही वाटत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.४०
आमची लिफ्ट : चार माणसं, २७२ किलो. पाटीवर सही माझीच आहे.
तीन बॅगा, मशीनचं खोकं, टॅक्सीवाला आणि ती. राहा, असं म्हणायचं रात्रीच ठरवलं होतं. एकच शब्द होता. दार सरकायला लागलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, थोडी वाटही पाहिली असेल. मी म्हणालो, वजन जास्त होईल, तुम्ही व्हा पुढे.
जिन्याने उतरलो. खाली पोचलो तर टॅक्सी निघून गेली होती. वर येऊन बेरीज केली. मी मावलो असतो.

१ डिसेंबर, सोमवार
नोंद नाही.

३ डिसेंबर, बुधवार
पाठमोरा व्हिडिओ सापडला. पोरगी बरोबर होती.
जुन्या चपला घालून क्लासला गेलो. ती तिच्या ताईजवळच्या क्लासला जाणार आहे, इथे येणार नाही, हे मुलीने सांगितलं होतं. बसड्रायव्हरने मला मधल्या ओळीत उभं केलं. नवख्याने मध्येच राहावं म्हणे, कोणत्याही भिंतीकडे वळलं तरी पुढे कुणीतरी असतं. मग विचारलं, वहिनी परत कधी येणार? हवापालटाला गेली आहे, असं सांगायला तोंड उघडलं. म्हणालो, येणार नाही. हे मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं.
त्याने मान हलवली आणि गाणं लागलं. तेच, फाटकाच्या खांबाचं. मी चारही भिंतींना बरोबर बाजूला वळलो. शब्दही या वेळी नीट ऐकले. फार वाईट वाटलं. ट्रकवाल्याचं नाही.