मोखीच्या खिंडीतला पाला

डहाणू, मंगळवार, १२ डिसेंबर १९६१

पोहोचलो एकदाचा, आणि झकास वाटतंय. स्टेशनाबाहेर पडताच खारा वारा, चिकूच्या वाड्या आणि इराण्याकडचा कडक चहा. आमच्या गिरगावच्या पदभ्रमण मंडळातल्या एकाही शहाण्याला पुढे येऊन चौकशी करायचं सुचलं नसतं. मोखीच्या डोंगरावर तीन दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडायचं, तर वाट कशी आहे, पाणी कुठे आहे, जंगलखात्याचे नियम काय आहेत, हे कोणी बघायचं? अर्थात वामन सबनीस, मानद चिटणीस यांनी. तांबटांना विचारलं तर ते म्हणाले, आधी शिध्याचं ठरवू. चित्रे म्हणाले, नियम असतील तर त्यांवर चर्चा करू. राजवाडे काहीच म्हणाले नाहीत. ते कधीच काही म्हणत नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, माझ्या नशिबी शेळ्यांनाच उंटावर चढवायचं आलंय.

चौथी कुमुद, माझी धाकटी बहीण. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लहानपणी तापात तिचा डावा पाय आखूड राहिला. दर पावलाला ती डावीकडे झुकते आणि चाळीतल्या बायका चुकचुकतात. हे मंडळ मी काढलं ते त्या चुकचुकणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून, पण ते मंडळाच्या घटनेत लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी ती सिंहगड चढली. मावशी घरात रडत बसली होती आणि ही वरती दही खात होती. येत्या २३ तारखेला चौघं इथे येतील. तोवर सगळं चोख हवं.

बुधवार, १३ डिसेंबर

रेंज ऑफिसात गेलो. तीन खुर्च्या आणि त्यांतली एक धड. रेंजर पदवीधर आहे म्हणे. टेबलावर फायलींपेक्षा सुपारीचा चुरा जास्त. नियम विचारले तर एकेक नियम सुपारीसारखा कातरून देत होता. पेटता विस्तव सोडून जायचं नाही, ओलं झाड तोडायचं नाही, शिकार नाही, परवान्यात नावं असतील तितकीच माणसं. ठीक. मी टिपून घेतलं.

मग हा गृहस्थ म्हणतो, आणखी एक आहे. मोखीच्या खिंडीत पाल्याचा ढीग आहे. वर जाताना प्रत्येकाने आपली एक डहाळी तिथे ठेवायची. उतरताना आपलं नाव घेऊन ती उचलायची आणि खालच्या ओढ्यात टाकायची. म्हणजे कोण वर आहे आणि कोण उतरला, ते डोंगराला कळतं.

मी म्हटलं, हा नियम छापील दाखवा. तो म्हणाला, छापलेला नाही, पण मीही पाळतो. सरकारी पगार घेणारा माणूस! महाराष्ट्र राज्य होऊन दीड वर्ष झालं आणि आमचे अधिकारी डोंगराला हजेरी देतायत. मी हसलो, तेव्हा त्याने मान खाली घालून परवान्यावर शिक्का मारला.

तलासरी, गुरुवार, १४ डिसेंबर

एस.टी.ने तलासरीला आलो. मुसाफिरी बंगला बरा आहे. खानसामा बहिरा आहे, म्हणजे निदान बडबड तरी नाही. फॉरेस्ट गार्ड सदानंद मूळचा चिंचणीचा. त्याचं पोट जंगलावर आणि जीव समुद्रावर. वाटेचं विचारलं की बोंबिलाचं सांगतो. खिंडीच्या वर तो स्वतः कधी गेलेला नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा हा सगळा कारभार.

वाट दाखवायला त्याने सुकी नावाची वारलीण ठरवून दिली. ती मोळ्या विकते. वय चाळीस असेल, तोंड मात्र फटकळ. मला सरळ तू म्हणते. सदानंद म्हणाला, ही माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, देवालासुद्धा. माझ्या शिकारी टोपीकडे बघून तिने विचारलं, ही टोपी तू झोपताना काढतोस का? सदानंद फिदीफिदी हसला.

शनिवार, १६ डिसेंबर

मोखीची पाहणी झाली. वाट उत्तम, कुमुदलाही जमेल अशी. दोन ठिकाणी मुरूम घसरतो, तिथे तिला डावीकडून हात द्यावा लागेल. पाणी वरच्या कुंडात भरपूर. मुक्कामाची जागा सपाट.

खिंडीत तो ढीग पाहिला. गुडघाभर उंचीचा वाळका पाचोळा, वर दोनचार ओल्या डहाळ्या. सुकीने आपली ठेवली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, माझी राहू दे, मी चिटणीस आहे. पण मंडळाचे सोपस्कार आजच उरकून टाकू, म्हणजे २३ तारखेला खोळंबा नको. तांबटांच्या नावाने पत्रावळीएवढं पान असलेली सागाची डहाळी ठेवली. चित्र्यांची काटेरी बोरीची. राजवाड्यांची ऐनाची, कारण दुसरं काही सुचलं नाही. कुमुदची निर्गुडीची, हलकी, लांब देठाची. आई तिचा पाय निर्गुडीच्या पाल्यानेच शेकायची. एकेकाचं नाव मी हजेरीपटासारखं मोठ्याने घेतलं. तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर होता.

सुकीचा चेहरा बघण्यासारखा झाला. जी माणसं इथे नाहीत त्यांचा पाला ठेवतात का, म्हणून ती माझ्यावर ओरडली. आत्ताच्या आत्ता उचल म्हणाली. तिने स्वतः हात लावला नाही, ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा असतो म्हणे. म्हटलं, बाई, तुझ्या डोंगराला आगाऊ नोंदणी कळत नसेल तर तो त्याचा दोष. वर जाऊन येईपर्यंत ती माझ्या वीस पावलं पुढेच चालत राहिली. मोठीच शांतता लाभली.

उतरताना खिंडीत चिलटांनी जीव नको केला. निर्गुडीच्या वासाने ती पळतात, म्हणून कुमुदची डहाळी ढिगातून ओढून घेतली आणि तोंडापुढे हलवत बंगल्यापर्यंत आलो. खानसाम्याने ती पाण्याच्या बंबात सारली. आंघोळ फर्स्टक्लास झाली.

रविवार, १७ डिसेंबर

आज बाजाराचा दिवस. चहावाल्याने विचारलं, तुमची मंडळी आजच आली वाटतं? मी म्हटलं, शनिवारी येणार आहेत. तो म्हणाला, सकाळी मोखीच्या धारेवर चार शहरी माणसं रांगेने जाताना त्याच्या मेव्हण्याने पाहिली. पाठीवर काही नव्हतं. हाका मारल्या तर थांबली नाहीत.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही दादरवाल्या मंडळाची कारस्थानं! आपण वाट शोधायची आणि त्यांनी तिच्यावरून आधी मिरवायचं. विनापरवाना गेले असणार. उद्या रेंजरकडे लेखी तक्रार करतो.

सोमवार, १८ डिसेंबर

डहाणूला जाऊन तक्रार रेंजरपुढे ठेवली. त्याने ती वाचलीच नाही. खिंडीत काय केलंत, एवढंच विचारलं. मी हसत सांगितलं, तर तो उठून उभा राहिला. आजच जाऊन उचला, म्हणाला. पदवीधर! असल्यांना पदव्या देतात, म्हणून देशाचं हे असं आहे.

परतताना एस.टी. मोखीच्या पायथ्याशी बंद पडली. सगळे उतरले. धारेवर ती माणसं मीही पाहिली. दोघं बारीक, त्यांच्या पुढे एक जाडा, पोटाने तांबटांसारखा. जाडी माणसं काय, सगळीकडे असतात.

सगळ्यांत मागे एक बाई. दर पावलाला डावीकडे झुकत होती.

मुरूम घसरतो, चालताना कोणीही झुकेल. शिवाय कुमुदची डहाळी तर मी परवाच उचलली. म्हणजे त्या लोकांच्याच शास्त्राने बघितलं तरी प्रश्न उरत नाही.

मी असल्या शास्त्राचा आधार घेतोय, हे चित्र्यांना कळलं तर वर्षभर पुरेल.

डहाणू, मंगळवार, १९ डिसेंबर

रात्री झोप लागली नाही, म्हणून पहिल्या गाडीने डहाणूला आलो. पोस्टात माझ्या नावाची तार रविवारपासून पडलेली. तलासरीला धाडायची तसदी कोण घेतो! कुमुद आजारी, ताबडतोब या. चाळीखालच्या डॉक्टरांकडे ट्रंक कॉल लावला, मावशीला बोलावून घेतलं.

शनिवारी दुपारी कुमुद तांदूळ निवडत होती, ती बसल्या जागी कलंडली. तेव्हापासून डोळे मिटलेले. बोलत नाही. पण पाय हलतात. अंथरुणात, पांघरुणाखाली, एकामागून एक. चालल्यासारखे. मावशीने धरून ठेवले तर ती कण्हते. तळव्यांना फोड आलेत आणि काल ते फुटले. मावशीने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली आहे. अंथरुणातून उठली नाही रे पोरगी, फोड कशाचे, असं मावशी पुन्हा पुन्हा विचारत होती.

तांबटांच्या घरी तेच. चित्र्यांच्याही. राजवाड्यांच्याही. सगळ्यांना शनिवारी दुपारीच. डॉक्टर म्हणतात, सहलीच्या बैठकीत काही साथ लागली असेल.

डॉक्टर गाढव आहे.

मी त्याहून मोठं.

बुधवार, २० डिसेंबर, सकाळ. सुकीच्या पाड्यावर

सुकी दारातच भेटली. आलास का टोपीवाल्या, म्हणाली. मी टोपी घातलेली नव्हती.

सगळं सांगितलं. तिने रागाने का होईना, ऐकून घेतलं. पाला हिरवा आहे तोवर ती चालतात, म्हणाली. पानं गळली की बसतात. बसली की उठत नाहीत. आज उचललास तर तिघं सुटतील.

मी म्हटलं, चौघं. कुमुदची तर मी आधीच उचलली आहे, मग ती का चालतेय?

तिने विचारलं, नाव घेऊन उचललीस? ओढ्यात टाकलीस? कुठे आहे ती डहाळी?

बंबात जळाली, म्हणालो.

इतके दिवस मला टोचून बोलणारी ती बाई मटकन खाली बसली. मग म्हणाली, "अरं, तिला आता पालाच नाय. गळणार काय नि उचलणार काय? बाकीची बसतील तरी. तिला बसता बी येणार नाय."

मला ती नेहमी रे म्हणते, बाबा म्हणत नाही. आज म्हणाली, जा बाबा.

खिंडीत, दुपार

सुकी खाली ओढ्याशी थांबली आहे. माझं काम मी करायचं.

सागाची उचलली. तांबट, म्हणून हाक मारली. कड्यावरून ओढ्यात टाकली. लगेच कोणीतरी माझ्या शेजारून खाली गेलं. तांबटच. तोंड उघडं, घामाने निथळत, माझ्याकडे न बघता — वळणापलीकडे दिसेनासे झाले.

बोरीची. चित्रे. हाताला काटे लागले. तेही गेले. चर्चा न करता.

राजवाडे. ऐनाची. जाताना त्यांचे ओठ हलत होते. पहिल्यांदाच काही म्हणत होते. मला ऐकू आलं नाही.

ढिगात आता माझ्या हातची एकही नाही. सगळा ढीग उपसून पाहिला. वेड्यासारखा. निर्गुडीचं एक पान जरी —

ती आली.

धारेवरून आली, ढिगाला वळसा घालून पुन्हा वर गेली. घरातलं पातळ. डोळे मिटलेले. उजव्या पायाला हिरवी पट्टी, सुटून मागे ओढत होती. मावशीची गाठ. मावशीला कधी धड गाठ मारता येत नाही.

कुमे म्हणून ओरडलो. वाट अडवून उभा राहिलो. ती कशी पलीकडे गेली, कळलं नाही.

निर्गुडी शोधून ताजी तोडली. तिच्या नावाने ठेवली. नाव घेऊन उचलली. ओढ्यात टाकली. एकदा — पुन्हा — पुन्हा —

ती चालतेच आहे.

तिसरी फेरी. मुरमावर घसरली. डावीकडून हात द्यायला कोणी नव्हतं. उठली. उभी राहून श्वाससुद्धा घेतला नाही.

मीच म्हणायचो ना तिला. लोक चुकचुकतात तर चुकचुकू दे, तू चालत राहा. थांबू नकोस. किती वेळा म्हटलं असेन.

सगळ्यांना हसलो. रेंजरला, गार्डला, या बाईला. एकट्या तिला कधी हसलो नव्हतो. आणि चटका बसला तो —

माझा पाला मी ठेवलाच नव्हता. चिटणीस म्हणून. त्यामुळे डोंगराला मी दिसतच नाही. तिलाही नाही. म्हणून ती माझ्या हाताला लागत नाही. एवढं सोपं आहे. आता कळलं.

निर्गुडीचीच घेतली आहे.

खालून सुकी ओरडतेय. नको, नको. माझं कोण उचलणार, विचारतेय. उचलायला नकोच आहे. वही इथे दगडाखाली ठेवतो. मावशीला सांगा, पट्टी मी नीट बांधीन.

डहाळी ठेवली. वामन सबनीस.

वळणावर दिसतेय. या वेळी डोळे उघडे — माझ्याकडेच — ओळखलं, ओळखलं तिने —

कुमे, पुढे मुरूम आहे, हात दे, डावीकडून मी —