गाठाळ बोटं

बुधवार, संध्याकाळ. जव्हार.

जामसरच्या जानकीमावशींचा अंगठा आज रेशनच्या मशीननं तीनदा नाकारला. अंगठ्याशिवाय धान्य मिळावं म्हणून तहसील कचेरीत त्यांचा अर्ज मीच लिहायला घेतला. कारण लिहिलं, 'बोटे गाठाळ'. वाचून दाखवलं.

"गाठाळ तं लाकूड असतं. सुतार बाजूला टाकतो त्याला. मी काय टाकायची झाले?"

मला तर शब्द नेमका वाटला होता. बोटांचे सांधे गाठींसारखेच होते, कातडी भेगाळलेली. मग चुकलं काय? लाकडाला चालतं ते बोटांना का नाही?

"मग काय लिहू, मावशी?"

"भात लावून लावून झिजली, असं लिव."

खोडून तसंच लिहिलं. कचेरीतल्या साहेबांनी वाचून सही केली. रेशनच्या दुकानात धान्य मिळालं. पिशवी उचलायला मी पुढे झालो, तर मावशींनी माझा हात बाजूला सारला.