दाढीचा आरसा

कार्डिफ, रविवार

लॉरेन मॅडम यांस,

तुम्हाला मराठी येत नाही, म्हणूनच खरं लिहितोय. तुमच्या आईंनी चित्रं काढणं का सोडलं, असं तुम्ही पर्थहून विचारलंत. माझा व्हिसा त्या राहतात त्या वृद्धांच्या केअर होममधल्या नोकरीवर अवलंबून आहे, म्हणून मी "हात थरथरतो" असं कळवलं. हात थरथरत नाही.

ऑस्ट्रेलियातून इथे येऊन त्यांनी आयुष्यभर न्यायाधीश आणि मंत्री रंगवले. स्मरण गेलं, तरी रोज दुपारी मला समोर बसवून माझा चेहरा काढायच्या. दिवसभरात माझ्याकडे नीट पाहणारं तेवढं एकच माणूस होतं. त्या स्वतःला तिशीच्याच समजत, म्हणून खोलीत आरसा ठेवू नका, असं तुम्हीच सांगितलं होतंत.

मंगळवारी त्यांनी कागद फाडला. "तुझ्या चेहऱ्यात काढण्यासारखं काही नाही रे. दुसरं कुणी पाठव."

मी माझा दाढीचा आरसा आणून त्यांच्यासमोर धरला. "हिला काढा."

त्यांनी बराच वेळ निरखलं. "बिचारी. कोण आहे ही?"

"तुम्हीच आहात, मॅडम."

त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

उद्यापर्यंत विसरतील, असं मला वाटलं होतं. आरसा त्या विसरल्याही. पण मी खोलीत आलो की अजून चेहरा झाकतात, आणि का ते त्यांना सांगता येत नाही.

आपला,
रघुवीर