तान्ह्याचं कोरडं अंग

आई, तुझी पणती आता बरी आहे, हे आधी सांगते. लेक बाळंतपणाला माझ्याकडे कन्हेरीला आलीय. परवा भर दुपारी लाइट गेली, पंखा बंद, वरचा पत्रा नुसता तापलेला. तरी बाळाला वारं लागेल म्हणून मीच तिला कुंची घालून दुपट्यात घट्ट गुंडाळलं. थोड्या वेळानं लेक पाजायला बसली, तर बाळ दूध ओढेना. अंग चटका बसावा इतकं तापलेलं, लालभडक, आणि घामाचा टिपूस नाही. "आई, ही डोळं उघडंना गं!" लेक ओरडली. आम्ही कपडे काढले, ओल्या फडक्यानं अंग पुसलं आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून बारामती गाठली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या लहान बाळाला आपल्यासारखा घाम येत नाही. गुंडाळलं की उष्णता आतच कोंडते. पाठीला, मानेला हात लावून बघत जा." संध्याकाळी बाळ दूध प्यायलं, रडलं. लेकीच्या जिवात जीव आला. मला मात्र दवाखान्याच्या बाकावर आपलं डाळजचं घर दिसायला लागलं.

मी नुकती शाळेत जायला लागलेली. उन्हाळा. तू चुलीपुढं भाकरी थापतेयस आणि त्याच खोलीत झोळीत माझा भाऊ, डोक्याला लोकरीचं टोपरं, अंगावर तुझं जुनं लुगडं. थोरली काकू हात घालून बघते. "अंग कोरडं हाय. ताप असता तर घाम फुटला असता. झोपू दे." तू मान डोलावतेस. तो उठलाच नाही. मग सगळे म्हणाले, आईचं दूधच उष्ण, तिच्या दुधानं गेलं पोर. तू खाली बघून ऐकत राहिलीस आणि त्यानंतर मरेपर्यंत कधी तिखट खाल्लं नाहीस.

तुझ्या दुधानं काही झालं नव्हतं गं. पण हे कळून तुला बरं वाटलं असतं का? दूध दोषातून सुटलं असतं आणि लुगडं पांघरवणारे हात अडकले असते. खरं काय झालं, ते आता कोण सांगणार? परवापासून जेवण जात नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात याआधी कुठलं तान्हं बाळ गेलंय का?" आपल्याला एक मामा होता, हे लेकीला ठाऊकच नाही. ती माझ्याकडं बघत होती.

मी म्हणाले, "न्हाय."