हवा काढलेली उसळ

अण्णा, गेल्या आठवड्यात माझ्या हातून आत्या, तुमची बहीण, गेली असती. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी काही लिहिलं नाही, आणि लिहायला घेतलं ते हे.

तुमच्या वेळी असली यंत्रं घरात नव्हती, म्हणून आधी ते सांगते. एक लांबट डब्यासारखं यंत्र मी विकत घेतलं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत पदार्थ भरायचा, पिशवीचं तोंड यंत्रात धरायचं आणि बटण दाबायचं. घरघर करत ते आतली सगळी हवा ओढून घेतं, पिशवी पदार्थाला गच्च चिकटते, मग तोंड वितळवून बंद करतं. पहिल्या दिवशी मी रवा भरला, दाणे भरले, ब्याडगी मिरच्या भरल्या. रव्यात किडे होणं बंद झालं. मला इतका आनंद झाला की राजाजीनगरच्या आमच्या अख्ख्या मजल्यावर मी ते यंत्र दाखवत फिरले. मग अवरेकाळूचा, इथल्या ओल्या पावट्यांचा, हंगाम आला. एका शनिवारी मी भरपूर दाणे सोलून उसळ केली, ती गार झाल्यावर सहा पिशव्यांत भरली आणि हवा काढली. फ्रिजमध्ये जागा नव्हती. मला वाटलं, हवाच नाही तर बिघडणार काय? पाच पिशव्या रव्याशेजारी कपाटात ठेवल्या. सहावी रविवारी बनशंकरीला आत्याकडे घेऊन गेले. "फ्रिजची गरज नाही बरं का," मी तिला ऐटीत सांगितलं, "आत हवाच नाही. मनाला येईल तेव्हा खा." ऐंशी वर्षांची एकटी राहणारी बाई. तिने ती पिशवी देवासमोर ठेवावी तशी ओट्यावर ठेवली.

गुरुवारी सकाळी मी कपाट उघडलं, आणि दोन पिशव्या उशीसारख्या टम्म फुगलेल्या. मी स्वतः हवा काढलेल्या पिशव्या. मी हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. यंत्राच्या खोक्यात एक पुस्तिका होती, ती मी कधी उघडली नव्हती. ती उभ्या उभ्या वाचली. शिजवलेलं अन्न फ्रिजमध्येच ठेवा. काही जंतू हवा नसली की जास्त वाढतात. त्यांचं विष वासाला कळत नाही, चवीला कळत नाही. पिशवी फुगली तर उघडू नका, चाखू नका. त्याच्या खाली, अण्णा, जीव जाऊ शकतो असं स्पष्ट छापलं होतं.

मी आत्याला फोन लावला. "आत्या, ती उसळ खाऊ नकोस गं."

"का? काय झालं?"

आणि मी म्हणाले, "मीठ फार पडलंय त्यात."

का म्हणाले, ते मला अजून कळत नाही. तोंडातून निघून गेलं. ती हसली. "एवढंच? सरी, बरं, स्वल्प पाणी घालते, एक बटाटा टाकते. मीठ जास्त झालं म्हणून कोणी अन्न टाकतं का? आणि आत्ताच तर पिशवी कापली मी. दोन घास तशीच गार खाल्ली. मला नाही बाई खारट लागली."

"हात लावू नकोस!" मी ओरडले. "ठेव ते खाली. मी येतेय."

रिक्षात बसले आणि मला तुम्ही स्वयंपाक करायचात ते बोम्मसंद्र्याचं कॅन्टीन दिसायला लागलं. मी दहावीत आहे, सुट्टी आहे, म्हणून तुमच्याबरोबर कारखान्यात आले आहे. पहाटे केलेल्या बिसिबेळे भाताचं भलंमोठं पातेलं तुम्ही झाकून ठेवलेलं, आणि कसल्याशा बैठकीमुळे जेवणाची सुट्टी लांबत लांबत दुपारच्या पार गेलेली. झाकण काढल्यावर मी बोटभर भात तोंडात घालते आणि म्हणते, "चांगला लागतोय की." तुम्ही माझं मनगट धरून मोरीवर नेता, थुंकायला लावता, तीनदा चूळ भरायला लावता. "चव नाही बघायची. वेळ बघायची." मग भुकेल्या माणसांच्या देखत ते पातेलं तुम्ही गटारात ओतलंत आणि मोठ्याने म्हणालात, "चूक माझी आहे. मी झाकून ठेवला." त्या दिवसापासून वर्षभर कारखान्याने तुम्हाला चुलीवरून काढून भांडी घासायला लावलं. परतीच्या बसमध्ये मी रागाने विचारलं होतं, पातेलं उलटलं म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मग उद्या दुसऱ्या कोणी तसंच झाकून ठेवलं असतं." मला तुमची लाज वाटली होती, अण्णा. कितीतरी वर्षं वाटत होती.

आत्या बटाटा सोलत बसली होती. मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, ती पिशवी दुसऱ्या दोन पिशव्यांत बांधली आणि तिला साडीसुद्धा बदलू न देता दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई कन्नडमध्ये विचारायला लागल्या. काय खाल्लं, किती, किती दिवसांचं, कुठे ठेवलेलं? मी एकही गोष्ट लपवली नाही. सगळं सांगितलं. फक्त इंग्रजीत सांगितलं. आत्या माझ्याकडे, त्यांच्याकडे बघत राहिली. तिला कन्नड येतं, इंग्रजी येत नाही.

तिला एक दिवस ठेवून घेतलं. पापण्या जड होतात का, एकाची दोन दिसतात का, गिळायला त्रास होतो का, हे पुढेही बघत राहा म्हणाल्या. मग मी तिला माझ्या घरी आणलं; या वयात एवढं मीठ बाधतं म्हणून डॉक्टरांनी जपायला सांगितलंय, एवढंच तिला म्हणाले. रोज सकाळी चहा देताना मी तिच्या पापण्या बघत असे. घोट घशाखाली उतरेपर्यंत जागची हलत नसे. "काय टक लावून बघतेस गं सारखी?" ती चिडायची. तिला काही झालं नाही, अण्णा. काहीही झालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, नशीब म्हणा.

काल मी तिला बनशंकरीला सोडून आले. पायऱ्या चढताना तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "वय झालं बघ माझं. पूर्वी काय काय पचायचं, आता दोन घास उसळ सोसत नाही. उगाच तुला धावपळ." मी म्हणाले, "असू दे गं, आत्या."

तेवढंच म्हणाले. हे पत्र मी कुठे टाकणार? जिला हे सांगायला हवं ती अर्ध्या तासावर राहते, पहिल्या रिंगला फोन उचलते. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही मला काही विचारणार नाही.