काउंटरमागच्या खुर्च्या

सोमवार, ४ मार्च

चादरींच्या काउंटरवरची मुलगी आज उभ्या उभ्या कोसळली. सातवा महिना! गिऱ्हाईक असो-नसो, दहा तास उभं राहायचं. काउंटरमागे बसायला साधं स्टूल नाही. मॅनेजर म्हणाला, "घरी जा. झेपेल तेव्हा ये — नाहीतर येऊच नकोस."

पाण्याचा पेला मी पुढे केला. ती प्यायली ती दुसरीच्या हातून.

मंगळवार, ५ मार्च

कामगार कार्यालयाला अर्ज लिहिला. दीड पान, एक खाडाखोड नाही. जेवणाच्या सुट्टीत सह्यांसाठी फिरवला. मी टेबलापाशी गेले की बोलणं बंद! टॉवेलवाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही सुपरवायझर होतात तेव्हा भिंतीला टेकूसुद्धा द्यायच्या नाहीत. आता स्वतःचे गुडघे कुरकुरायला लागले वाटतं!" सगळ्या खिदळल्या.

खरंच आहे. गेल्या वर्षी मला खाली उतरवून काउंटरवर उभं केलं, तेव्हा कळलं.

सही एकच. माझी. डबा जिन्यात बसून खाल्ला.

शुक्रवार, ८ मार्च

अर्ज टाकला.

बुधवार, २० मार्च

निरीक्षक आले. मॅनेजरच्या तोंडात साखर! "बसायला मनाई? छे हो! बायका आपल्या खुशीनं उभ्या राहतात. असा नियम असेल तर दाखवा की लेखी." बायका माना खाली घालून. निरीक्षक मला म्हणाले, "बाई, नुसत्या तक्रारीवर काही करता येत नाही. कागद हवा. उद्यापर्यंत थांबतो."

ते गेल्यावर मॅनेजर हळूच — "कागद आहे ना तुमच्याकडे? दाखवाच!"

घरी आल्याबरोबर ट्रंक उघडली. आहे. अकरा वर्षांपूर्वीचा. ताईला फोन केला. म्हणाली, "रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत तुझी. गप्प बस ना!" फोन ठेवला. मग विचारायला कुणी उरलंच नाही.

कागद ट्रंकेत ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

गुरुवार, २१ मार्च

दिला. निरीक्षकांनी मोठ्यानं वाचला — दुकानाचा छापील कागद, खाली शिक्का: "आजपासून काउंटरमागील खुर्च्या काढण्यात येत आहेत. बसलेली आढळल्यास अर्ध्या दिवसाची गैरहजेरी." सगळ्याजणी ऐकत होत्या. चादरवालीही — आजच परत आलेली.

"सही कुणाची आहे?"

"माझी," म्हटलं.